मागे घेतलेला निबंध

हे प्रकरण छापायला देण्याआधी मी आईला वाचायला दिलं. ती आता सत्तरीच्या घरात आहे, बिशानच्या त्याच फ्लॅटमध्ये राहते आणि तिचा चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावरच जास्त असतो. तिनं सगळं वाचलं, चहा संपवला, पेन्सिल मागितली आणि चार ठिकाणी रेघ मारली. का मारली, ते विचारायचं नसतं. या घरात वाढलेल्या माणसाला तेवढं कळतं. त्या चार ठिकाणी आता काही नाही. वाचताना एखादं वाक्य मध्येच लंगडल्यासारखं वाटलं, तर तो दोष माझ्या भाषेचा नसून आईच्या पेन्सिलीचा आहे, एवढं आधीच सांगून ठेवते.

आमचं घर नवव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एमआरटी रेल्वेचे रूळ दिसायचे आणि गाडी गेली की ओट्यावरचे स्टीलचे पेले बारीक थरथरायचे. सकाळी सगळ्यांत आधी कोकिळा ओरडायची. भारतात तिचं कौतुक करतात; इथे ती उजाडायच्या आत अशी केकाटते की शेजारचे अंकल खिडकी उघडून तिला होक्कियन या चिनी बोलीतून शिव्या घालायचे. मग त्यांच्या घरातून तेलात लसूण पडल्याचा वास, आमच्या घरातून मोहरी-जिऱ्याच्या फोडणीचा, आणि कॉरिडॉरमध्ये दोन्हींची भेट. बाबा आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होते. ते आंघोळ करताना गात, दाढी करताना बोलत आणि बूट घालताना ऑफिसातल्या कालच्या भांडणाचा उरलेला भाग सांगत. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. त्यांच्या साहेबाचा रक्तदाब, कुठलं मशीन बंद पडलं, कँटीनवाल्या आंटीच्या मुलीचं लग्न का मोडलं, सगळं आम्हाला पाठ. आणि याच माणसाच्या शेजारी उभी राहून आई तीन डबे भरायची आणि स्वतःच्या दिवसाबद्दल ताकास तूर लागू द्यायची नाही.

आई नागपूरची, शिकलेली इंजिनिअर. बाबांच्या मागोमाग इथे आली आणि आधी बुओना व्हिस्टाच्या बाजूला एका संशोधन संस्थेत कामाला लागली. त्या कामाबद्दल ती घरी बोलायची, थोडं वैतागून, थोडं हसून, सगळ्यांच्या आया बोलतात तसं. मी सात-आठ वर्षांची असताना तिनं इथलं नागरिकत्व घेतलं. भारतीय पासपोर्ट परत करून आली त्या दिवशी तिनं सावजी रस्सा केला, इतका जहाल की तिघांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि कुणाचं पाणी कशामुळे ते विचारायची सोय उरली नाही. त्यानंतर काही महिन्यांनी नवी नोकरी आली. 'सरकारी ऑफिस' एवढंच तिचं नाव. हुद्दा नाही, पत्ता नाही, सहकाऱ्यांच्या चहाड्या नाहीत. बोलकी आई तेव्हापासून घरात हसायची, रागवायची, माझ्या वेण्या घालायची, पण सकाळी आठ ते संध्याकाळ हा तिचा भाग कापून नेल्यासारखा झाला.

त्या ऑफिसच्या दारात मोबाईल कुलपात ठेवून आत जावं लागे. त्यामुळे दिवसभर आईशी बोलायचा काहीही मार्ग नव्हता. फ्रिजवर एक वही टांगलेली असायची आणि आम्ही तिघं त्यात लिहून ठेवायचो: दूध संपलंय, गणिताच्या पेपरवर सही हवी, नळवाला येऊन गेला. ऑफिसला मात्र आई हवी असली की घरचा फोन वाजायचा. एक बाई अगदी गोड आवाजात म्हणायची, "मम्मीला जरा यायला सांगशील?" नाव नाही, निरोप नाही. आई हातातलं लाटणं ठेवायची, हाताचं पीठ धुवायची आणि दहा मिनिटांत लिफ्टमध्ये. अर्धवट लाटलेली पोळी बाबा पूर्ण करायचे आणि ती हमखास भारताच्या नकाशासारखी व्हायची. नागपूरहून आत्या आली की ती पिच्छाच पुरवायची. "अगं, पण तू तिथं करतेस तरी काय?" आई म्हणायची, "बसून काम असतं, ताई." आत्यानं तिच्या हिशेबानं अर्थ लावला आणि सगळ्या नातेवाइकांत पसरवलं की इंजिनिअर सून परदेशात जाऊन टायपिस्ट झाली. बाबा चिडायचे. आईला त्यात काही गैर वाटायचं नाही, उलट आत्याच्या पानात एक पुरणपोळी जास्त पडायची.

मला मात्र राग यायचा. नेटबॉल खेळताना मी मनगट मोडून घेतलं तेव्हा शाळेनं आईला किती फोन केले असतील, सगळे त्या कुलपात जाऊन पडले. बाबा आले, प्लास्टर झालं, त्यावर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि आई संध्याकाळी धापा टाकत आली. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती म्हणाली, "मला सात वाजता कळलं, उत्पल. कळलं तेव्हापासून मी पळतेय." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आज मी स्वतः आई आहे, माझा फोन उशाशी असतो आणि मुलीच्या शाळेचा नंबर दिसला की पहिली रिंग संपायच्या आत मी तो उचलते. रोज सकाळी तो फोन स्वतःच्या हातानं कुलपात टाकणं काय असेल, याची कल्पना तेव्हा मला नव्हती.

मी अबोला सोडला, पण नाद लागला. मुळात मी भारी चोंबडी. आई सांगत नाही ना, मग मीच बघते, असं ठरवून मी बघायला लागले. ती कुठली बस घेते, कुठल्या स्टॉपला उतरते, गळ्यातलं कार्ड कधी बॅगेत टाकते, शनिवारी बोलावणं आलं तर कुठले बूट घालते. एका वर्षी सलग नऊ दिवस मला ती धड दिसलीच नाही. सकाळी ओट्यावर फक्त तिचा धुतलेला डबा असायचा. दहाव्या दिवशी दुपारी ती घरी आली, मटार सोलायला बसली आणि शेंग हातात धरून बसल्या बसल्या झोपली. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्या दिवशी ते चक्क पाऊण तास गप्प बसले. मी मागच्या दहा दिवसांचे पेपर काढून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. कुठे काही झालं नव्हतं. ट्रॅफिक, फुटबॉल, पावसाचं पाणी तुंबलं, एवढंच. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की काहीच झालं नाही, हेच तर आईचं काम! माझी छाती फुगली. खरं सांगायचं तर त्या नऊ दिवसांत काय होतं हे मला आजही ठाऊक नाही. नुसतं ऑडिटसुद्धा असेल. पण त्या दुपारी, मटारांच्या ढिगाशेजारी, मला माझ्या आईचा पहिल्यांदा अभिमान वाटला आणि तो मग कधी गेला नाही.

आमच्या शाळेत दर फेब्रुवारीत टोटल डिफेन्स डे असायचा, सगळ्याच शाळांत असतो. जुन्या युद्धात हे शहर शत्रूच्या हाती पडलं आणि लोक रताळ्यांवर जगले, त्याची आठवण. त्या दिवशी कँटीनमध्ये नूडल्स नाहीत, चिकन राईस नाही. उकडलेलं रताळं आणि पाणीदार पेज. भोंगा वाजतो, मुलं उभी राहतात. त्या वर्षी त्या दिवसासाठी निबंधस्पर्धा होती: 'आपल्याला सुरक्षित ठेवणारी, तुमच्या ओळखीची एक खरी व्यक्ती'. इंग्रजी शिकवायच्या मिसेस टान. बारीक चणीच्या, केस अगदी आखूड, खुर्चीच्या पाठीला प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी टांगलेली. मी त्यांच्यावर जीव टाकायचे. शाळेच्या मासिकाची पुढची संपादक मीच, असं त्यांनी जवळजवळ कबूल केलं होतं. मी एका दुपारी बसून निबंध लिहिला. खोडाखोडसुद्धा झाली नाही, कारण सगळं दोन वर्षं डोळ्यांत साठलेलं होतं. बस, स्टॉप, कार्ड, कुलूप, गोड आवाजाची बाई, आणि कुठल्या महिन्यातले ते नऊ दिवस, सगळं. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणजे टोटल डिफेन्स डेला लष्करातल्या एका मोठ्या पाहुण्यासमोर स्टेजवरून निबंध वाचायचा, तो मासिकात छापायचा, आणि पालकांना खास आमंत्रण.

ते आमंत्रण घेऊन मी घरी आले तेव्हा ताटं वाढलेली होती. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, कांदा. बाबांनी पत्र वाचलं आणि टाळीच वाजवली. "बघ, माझी उप्पी! कुणावर लिहिलंयस? माझ्यावर?" मी म्हटलं, "आईवर." बाबांचा चेहरा एक क्षण पडला आणि लगेच दुप्पट खुलला. त्यांनी निबंध हातात घेतला आणि पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचला. आईनं हात धुतले, पुसले आणि कागद त्यांच्याकडून घेतले. ती उभ्यानंच वाचत होती. पहिल्या पानावर ती हसली. दुसऱ्या पानावर हसू गेलं. तिसरं पान तिनं दोनदा वाचलं, मग खुर्ची ओढून बसली.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मी बघितलं."

"सगळं?"

"सगळं."

आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि पेन्सिलनं लिहायला लागली. ओरडली नाही, डोळे वटारले नाहीत. मला शेजारी बसवून, गणित समजावताना बोलायची त्याच आवाजात तिनं दाखवलं की आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसानं हा निबंध वाचला तर त्याला काय काय कळेल. बिशानमध्ये राहणारी भारतीय बाई. अमुक बस, अमुक वेळ. उतरल्यावर इतकी मिनिटं चालते, म्हणजे ऑफिस या वर्तुळाच्या आत. घरी कोण कोण, मुलगी कुठल्या शाळेत. आणि कुठल्या नऊ दिवसांत या ऑफिसातली माणसं घरी गेली नाहीत. त्या ओळीखाली तिनं दोनदा रेघ मारली. "यात गुपित एकही नाही," ती म्हणाली. "प्रत्येक गोष्ट रस्त्यावरच्या माणसाला दिसते. पण रस्त्यावर ती विखुरलेली असते, उत्पल. तू सगळं एका ताटात वाढलंस."

बाबांना माझी दया आली. "अगं, शाळेचं मासिक ते! कोण वाचतंय?"

"मी वाचते," आई म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांत, 'बसून काम असतं' सोडलं तर, आपण तिथे काय करतो याबद्दल आईनं घरात उच्चारलेले हे दोनच शब्द. पुढे कधी तिनं त्यात भर घातली नाही. हे वाक्य तिच्या पेन्सिलीतून कसं सुटलं, याचं मला अजून नवल वाटतं.

मग तिनं शांतपणे सांगितलं की उद्या तिला हे ऑफिसात सांगावं लागेल. बाबा म्हणाले, मुलगी निबंध मागे घेईल, विषय संपेल, सांगायचं कशाला. आई म्हणाली, "झालंय ते सांगायचंच असतं." मी विचारलं, "मग काय होईल?" ती म्हणाली, "ते त्यांनी ठरवायचं. माझं काम माझ्याकडे ठेवतील, किंवा काढून दुसरं देतील." तिचा आवाज सरळ होता, पण पेन्सिलीचं टोक कागदावर एकाच जागी टोचत होतं. या कामासाठी तिनं काय काय सोडलं होतं ते मला माहीत होतं. आपला पासपोर्ट, सासर-माहेरचा मान, माझ्या मोडलेल्या मनगटाची ती दुपार. आणि ते आता माझ्या तीन पानांमुळे जाणार होतं.

"मग तुझ्या ऑफिसनंच मिसेस टानना फोन करावा," मी म्हटलं.

"ऑफिसचा फोन आला की मिसेस टानना कळेल तो कशासाठी आला. मग छापलं काय, न छापलं काय." तिनं माझ्याकडे बघितलं. "तू स्वतःहून काढून घेतलास तर कुणाला काही कळणार नाही. नाही घेतलास तर मला दुसरा रस्ता शोधावा लागेल. पण निबंध तुझा आहे, म्हणून आधी तुला विचारतेय. आणि चांगला आहे गं. फार चांगला आहे."

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. जन्मात पहिल्यांदा तोंड भरून तिचं कौतुक केलं आणि त्यावर पेन्सिलीच्या रेघा! स्टेज गेलं, मासिक गेलं. ती रागावली असती तर मी हट्टाला पेटले असते, माझा स्वभाव तसाच आहे. पण ती रागावली नव्हती. तिनं मला विचारलं होतं, मोठ्या माणसाला विचारावं तसं. नळ बंद केला तेव्हा माझं ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले. निबंध परत हवा म्हटल्यावर मिसेस टाननी आधी चेष्टाच समजली. मी 'घरगुती कारण' असं काहीतरी पुटपुटले. "आई लाजतेय का?" त्या हसल्या आणि इथल्या सवयीचं 'लाह' जोडून म्हणाल्या, "थांब, मी बोलते तिच्याशी लाह. एवढी अभिमानाची गोष्ट!" आणि त्यांनी खरोखर रजिस्टर उघडून आमचा नंबर शोधायला घेतला. त्या फोन करणार, प्रश्न विचारणार, आणि एका प्रश्नातून दुसरा निघणार. माझ्या तोंडातून निघून गेलं, "ते खरं नाहीये. मी सगळं रचलं. माझी आई टायपिस्ट आहे." आत्याची थाप अशी कामी येईल हे आत्याला स्वप्नातही वाटलं नसेल. मिसेस टाननी रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "खरी व्यक्ती, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. मला राग नाही आला, उत्पल. वाईट वाटलं." त्यांनी निबंध माझ्या हातात दिला. संपादकपद माझ्या वर्गातल्या ह्वी लिंगला मिळालं. मिसेस टान त्यानंतरही माझ्याशी चांगलंच वागल्या, पण माझी वही तपासताना एखादं वाक्य आवडलं की त्या थबकायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, हे आपलंच आहे ना, अशा नजरेनं. ते सोसायला मला सगळ्यांत जड गेलं.

संध्याकाळी आई आली. "मी सांगितलं," ती म्हणाली. "मी काढून घेतला," मी म्हटलं. काय कारण दिलंस, असं तिनं विचारल्यावर मी सांगितलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ताईला फोन लावा कुणीतरी, तिचं म्हणणं आता शाळेच्या दप्तरी नोंदलं गेलं!" आई हसली नाही. आमच्या घरी रविवारी सकाळी उदबत्ती लावून बुद्धवंदना आणि पंचशील म्हणायचो. आई आयुष्यात खोटं बोललेली नव्हती. ती सांगायची नाही, पण खोटं बोलायची नाही, हा तिचा बारकावा होता. त्या रविवारी चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाजच फुटेना. आईनं माझ्याकडे न बघता आपला आवाज चढवला आणि ती ओळ दोघींच्या वाटची म्हटली. नंतर चहा गाळताना ती म्हणाली, "ते खोटं माझं आहे. तुझ्या तोंडून निघालं एवढंच." माझ्या मनावरचा दगड उतरला.

टोटल डिफेन्स डेला ह्वी लिंगचा निबंध वाचला गेला. तिचे काका अग्निशमन दलात होते आणि ते गणवेशात आले होते. माणूस खरोखर मोठा. जळत्या घरातून त्यांनी एका आजीबाईंना पाठीवर घेऊन आणलं होतं. सबंध हॉल उभा राहिला. मीही उभी राहिले आणि हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. मनात जळफळाट होता असं कुणाला वाटेल, पण नव्हता. मला एकच वाटत होतं, की या शहरात आत्ता कुठल्यातरी बंद दारामागे माझी आई बसली आहे, तिच्यासारखी आणखी कितीतरी माणसं बसली आहेत, आणि त्यांच्यासाठी असा हॉल कधी उभा राहणार नाही. मग त्या टाळ्यांतल्या थोड्या मी मनातल्या मनात त्यांच्या नावानं वाजवल्या. कँटीनमध्ये ती पुळचट पेज मी वाटी चाटूनपुसून संपवली. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे बाबा पत्त्यांच्या डावात नेहमी म्हणायचे. मला ते त्या दिवशी पेज खाताना कळलं. पुढे आई निवृत्त झाली तेव्हा काहीतरी समारंभ झाला असणार. आम्हाला बोलावणं नव्हतं. ती अर्धा केक घेऊन घरी आली, ज्यावर नाव होतं तो अर्धा तिकडेच कापलेला होता.

ऑफिसचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आई नेहमीसारखी जात होती, येत होती. फक्त रोज एक तरी भाजी खारट व्हायची आणि आम्ही बापलेक निमूट खायचो. एका संध्याकाळी ती हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीतून तीन चिकन राईस घेऊन आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "काम तेच राहिलं." बाबांनी तिला खांद्याला धरून एक गिरकी दिली. मी विचारलं, "काय म्हणाले?" "जेव," आई म्हणाली.

आणि मग पालकसभा आली. हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे एक शिक्षक, समोर पालकांच्या खुर्च्या. बाबांना शिफ्ट होती म्हणून आईनं रजा घेतली होती. आम्ही दोघी मिसेस टानच्या समोर बसलो. माझे गुण चांगले होते, त्यावर थोडं बोलणं झालं. मग मिसेस टाननी आवाज खाली आणला.

"एक गोष्ट सांगायला हवी. वाईट वाटून घेऊ नका. उत्पलनं तुमच्यावर एक निबंध लिहिला होता. तुम्हाला फार मोठं काहीतरी करून ठेवलं होतं. सगळं मनचं."

"असं का," आई म्हणाली.

"लिहिते सुंदर. पण मुलांना कधी कधी आईबापांच्या साध्या नोकरीची लाज वाटते, बघा. ते मनावर घेऊ नका. फक्त तिला घरी नीट समजावा."

"समजावते," आई म्हणाली. तिचे हात मांडीवर होते, एकावर एक, अगदी शांत. "मी दिवसभर कागदच बघत असते. तसं बघणाऱ्याला त्यात काही नाही."

ते अक्षरशः खरं होतं. मिसेस टान मायेनं हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. भल्या बाई होत्या त्या, अगदी मनापासून बोलत होत्या. "ऐक, गर्ल. आईचं काम साधं आहे म्हणून काय झालं? तरीही तिचा अभिमान बाळगायला शिक. जमेल ना? कॅन?"

समोर मिसेस टान, शेजारी आई. आई टेबलावरच्या माझ्या प्रगतिपुस्तकाकडे बघत होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कॅन, मिसेस टान," मी म्हटलं.

आम्ही उठलो, आभार मानले, हॉलच्या बाहेर आलो. जिन्यात कुणी नव्हतं. अर्ध्या जिन्यावर आई थांबली, कठड्याला हात धरला आणि हसायला लागली, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही हसू आवरेना. वरून कुणीतरी येत असल्याची चाहूल लागली तेव्हा तिनं ओढणीनं डोळे पुसले, माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला तुझा इतका अभिमान वाटतो ना, उत्पल. आणि कुणाला सांगता यायचं नाही."

"नको सांगूस," मी म्हटलं. "मला कळलं ना."